आत बसलेल्या माणसाचं पुस्तक

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पुण्यात नोकरी करतात, वय 43. त्यांचे वडील 72 वर्षांचे. माझगावच्या गोदीत वेल्डर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. 'शल्की' आणि 'शंकुल' या पाणबुड्या तिथे बांधल्या जात होत्या, तेव्हा त्यांच्या पोलादी अंगावर त्यांनी काम केलं. आता ते कणकवलीजवळच्या गावी एकटे राहतात. दीड वर्षापूर्वी आई गेल्या. फुप्फुसांचा आजार होता, शेवटचे अकरा दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. तेव्हापासून वडील फोनवर 'जेवलो', 'पाऊस आहे', 'ठेवतो' एवढंच बोलतात. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी आपणहून विचारलं, "पाणबुडीत बसून लढलेल्या कप्तानानं स्वतः लिहिलेलं पुस्तक मिळतं का बघ गं." मोठा भाऊ म्हणतो, या वयात, त्यातून आई अशी गेलेली, बुडण्या-गुदमरण्याची पुस्तकं कशाला? ज्ञानेश्वरी पाठव. लेखिकेनं शोध घेतला, तर निम्मे लेखक हिटलरच्या नौदलातले निघाले. असली पुस्तकं घरात आणावीत का? शिवाय वडिलांचं इंग्रजी ड्रॉइंग आणि मॅन्युअल वाचण्यापुरतं. त्या विचारतात: कोणतं पुस्तक पाठवू? की हळूच विषय बदलू?

प्रिय मैत्रिणी,

विषय बदलू नका. दीड वर्षात वडिलांनी तुमच्याकडे काही मागितलं, अशी तुमच्या पत्रात ही एकच नोंद आहे. तिचं उत्तर 'त्यापेक्षा हे घ्या' असं देऊ नये.

तुम्ही आणि तुमचे दादा, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. बाबांना युद्धाबद्दल वाचायचंय, असं तुम्हाला वाटतं. त्यांचं वाक्य तुम्हीच शब्दशः लिहून पाठवलंय, ते पुन्हा वाचा. त्यांनी लढाईचं पुस्तक मागितलेलं नाही. 'पाणबुडीत बसून' लढलेल्याचं मागितलंय. तुमच्या बाबांनी कित्येक वर्षं पाणबुडीच्या कवचाचे जोड भरले. प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा, आणि डाग दिसला की खरवडून पुन्हा भरायचा, असं तुम्ही लिहिलंय. मग एक दिवस ती बोट पाण्यात गेली, नौदलाची झाली आणि यांच्यासाठी फाटक बंद झालं. 'शल्की' 1992 मध्ये नौदलात दाखल झाली, 'शंकुल' 1994 मध्ये. म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. दरवाजा लावल्यावर आत काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. घर बांधणारा गवंडीसुद्धा वास्तुशांतीला एकदा जेवून जातो हो.

दादांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ही पुस्तकं हवेबद्दल आहेत. दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी दिवसभर बॅटरीवर पाण्याखाली राहायची. संध्याकाळपर्यंत आतली हवा जड व्हायची, डोकी दुखायची, ज्याला काम नाही त्यानं बंकवर गप्प पडून राहायचं, कारण हालचाल केली की श्वास जास्त लागतो. रात्री वर येऊन झाकण उघडलं की पहिली ताजी हवा आत शिरते. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे आणि प्रत्येकानं तो जीव ओतून लिहिलाय. तुमच्या आईंचे शेवटचे अकरा दिवस बाबांनी पलंगाशेजारी बसून काढले असतील, तर या पानांवर ते अडखळतील. पण ही भीती दादांना आणि तुम्हाला आहे. बाबांना आहे का, हे कुणी विचारलेलं नाही. पाठवताना एवढं सांगा: "बाबा, यात हवा कमी पडते त्याची वर्णनं आहेत. नको वाटलं तर ती पानं उलटा." 72 वर्षांच्या माणसाला पानं उलटता येतात. ज्ञानेश्वरीही पाठवा, तिला कुणाचा विरोध असणार? फक्त एकीच्या बदल्यात दुसरी, असं करू नका.

आणि हे स्पष्ट सांगते, पुस्तक हा इलाज नव्हे. जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, 'आता काय राहिलंय' अशी भाषा येत असेल, तर आधी कणकवली गाठा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या. पार्सल त्यानंतर.

आता हिटलरच्या नौदलाचा प्रश्न. तुमचा संकोच मला आवडला. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र फुटपाथवर सर्रास विकलं जातं आणि 'माणूस शिस्तीचा होता' असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात. नेताजी 1943 मध्ये जर्मन पाणबुडीतून निघाले आणि मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीत चढले, ही गोष्ट ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे त्या बोटींबद्दल आपल्या मनात एक हळवा कोपराही आहे. म्हणून जपून निवडायला हवं, हे खरंच. मात्र 'जर्मन ते वाईट, इंग्रज-अमेरिकन ते चांगले' ही चाळणी वापरलीत, तर फसाल.

हिंदुस्थानी माणसाशी निगडित एकच प्रसंग सांगते. 26 जानेवारी 1943 रोजी 'वाहू' या अमेरिकन पाणबुडीनं न्यू गिनीजवळ 'बुयो मारू' हे जपानी जहाज बुडवलं आणि मग पाण्यावर येऊन वाचलेल्यांच्या होड्यांवर गोळीबार केला. त्या जहाजावर पंजाब रेजिमेंटचे शेकडो हिंदुस्थानी युद्धकैदी होते. 'वाहू'वर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बोटीवर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता रिचर्ड ओकेन. तो पुढे 'टँग' या पाणबुडीचा कमांडर झाला, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं, आणि म्हातारपणी लिहिलेल्या पुस्तकात त्यानं आपल्या कप्तानाची बाजूच घेतली. चांगला लेखक आहे, शूर तर आहेच. पण 'आपल्या बाजूचा' म्हणून डोळे मिटून वाचावा असा नाही. युद्धानंतर न्युरेंबर्गला जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ याच्यावर खटला चालला, तेव्हा खुद्द अमेरिकेच्या ॲडमिरल निमिट्झनं लेखी कळवलं होतं की आम्हीही प्रशांत महासागरात पहिल्या दिवसापासून पूर्वसूचना न देता जहाजं बुडवत होतो.

तेव्हा लेखकाचा देश दुय्यम. आधी पाहायचं ते पुस्तक कधी लिहिलं आणि कुणाच्या पदरी असताना लिहिलं. गुंथर प्रीन या जर्मन कमांडरनं ऑक्टोबर 1939 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या स्कॅपा फ्लो या तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी त्याच्या नावावर आत्मकथा बाजारात आली. युद्ध चालू, लेखक राष्ट्राचा लाडका आणि मागे प्रचारखातं. 1941 मध्ये तो बोटीसकट गेला. ते पुस्तक आज प्रचार कसा करतात हे शिकायला उपयोगी आहे, बाबांसाठी नाही. हर्बर्ट वेर्नर या जर्मन कमांडरचं 1969 चं 'आयर्न कॉफिन्स' सगळ्या याद्यांमध्ये वर असतं आणि हातातून सुटत नाही, हेही खरं. इतिहासकारांनी त्यातल्या बऱ्याच चुका दाखवून दिल्या आहेत. कादंबरी समजून वाचलं तर हरकत नाही. एरिश टॉप या आणखी एका जर्मन कमांडरचं मात्र वेगळं आहे. 1990 मध्ये, पंचाहत्तरी पार केल्यावर त्यानं लिहिलं. त्यानं ऑक्टोबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात नसतानाच तिची 'रूबेन जेम्स' ही विनाशिका बुडवली होती. युद्धानंतर तो वास्तुविशारद झाला. आपण तरुणपणी नाझी पक्षात का गेलो, काय पाहिलं, काय पाहायचं टाळलं, याच्याशी तो झगडतो. ते पुस्तक बाबांना जड जाईल. तुम्ही वाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

अजून एक जर्मन धागा आहे आणि तो थेट तुमच्या घरापर्यंत येतो. 'शल्की'चं डिझाइन ल्युबेक इथल्या एका अभियांत्रिकी कार्यालयाचं. ते कार्यालय काढणारे उलरिख गाब्लर हे युद्धकाळात यू-564 या पाणबुडीवर मुख्य इंजिनियर होते. त्या बोटीचा कमांडर राइनहार्ड सुहरेन. 'टेडी' म्हणून ओळखला जाणारा, वरिष्ठांची टिंगल करण्यात कुप्रसिद्ध असा हा माणूस. त्यानं 1983 मध्ये आठवणी लिहिल्या, इंग्रजीत त्या 'एस ऑफ एसेस' नावानं आल्या आहेत. म्हणजे बाबांनी ज्या ड्रॉइंगवरून जोड मारले, त्यामागचं डोकं एके काळी अटलांटिकच्या पोटात, वर डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटत असताना, गळत्या व्हॉल्व्हकडे बघत उभं होतं. हे त्यांना फोनवर सांगा. फक्त एवढंच सांगा आणि गप्प बसा. 'ठेवतो' लगेच येणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

तरी पहिलं पुस्तक मी सुहरेनचं सुचवणार नाही. पहिलं द्यायचं एडवर्ड यंगचं 'वन ऑफ अवर सबमरीन्स', 1952 चं. यंग हा खरा नौदलवाला नव्हेच, पुस्तकांची मुखपृष्ठं आखणारा माणूस. पेंग्विन प्रकाशनाचं बोधचिन्ह ठरलं, तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पेंग्विनची रेखाटनं करून आला तो हाच. युद्धात राखीव दलातून पाणबुडीत शिरला आणि 'स्टॉर्म' या पाणबुडीचा कमांडर झाला. 1954 मध्ये पेंग्विननं हजारावं पुस्तक काढलं ते त्याचंच, मुखपृष्ठावर त्याचाच पक्षी. बाबांना या गमतीशी देणंघेणं नसेल. त्यांच्या कामाची गोष्ट ही, की यंगला सुरुवातीला पाणबुडीतलं काहीच कळत नव्हतं आणि तो ते लपवत नाही. कुठला व्हॉल्व्ह काय करतो, बोट डुबकी कशी मारते, पाण्यात अधांतरी तोलून कशी धरतात, हे तो नवख्याला समजावं तसं सांगतो. वाक्यं सरळ, शब्द बहुतेक यंत्रांचे. तुम्ही म्हणता, बाबांचं इंग्रजी ड्रॉइंग-मॅन्युअलपुरतं. अहो, या पुस्तकाला तेच इंग्रजी लागतं! तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजच्या इंग्रजीवाल्यांना ज्या शब्दांसाठी कोश उघडावा लागतो, ते त्यांनी तीस वर्षं तोंडानं वापरलेत. 'स्टॉर्म' बराच काळ श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जायची. तो उकाडा, तो घाम कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

एका प्रकरणाची मात्र पूर्वकल्पना द्या. 1941 मध्ये यंग 'अंपायर' या अगदी नव्या बोटीवर होता. रात्री त्यांच्याच बाजूच्या एका ट्रॉलरनं तिला धडक दिली आणि ती तळाशी गेली. यंग आणि आणखी काहीजण कॉनिंग टॉवरमधून, म्हणजे बोटीच्या पाठीवरच्या बुरुजातून, श्वास रोखून वर आले. सगळे वाचले नाहीत. दादांना ज्याची भीती वाटते ते हेच प्रकरण, आणि बाबा ज्यावर सर्वात जास्त बोलतील तेही बहुधा हेच. कारण 'शल्की'च्या जातीच्या बोटींत एक गोल कोठी असते. बोट तळाशी अडकली तर सगळे चाळीस जण तिच्यात शिरतात आणि ती सुटून वर येते. यंगच्या वेळी असं काही नव्हतं. त्या गोल कोठीबद्दल बाबांना विचारा.

दुसरं पुस्तक अमेरिकन, युजीन फ्लकीचं 'थंडर बिलो', 1992 चं. फुशारकी भरपूर आहे, आधीच सांगते. पण त्यात कारागीर माणसाला खूश करणारा एक प्रसंग आहे. जुलै 1945 मध्ये त्याच्या 'बार्ब' पाणबुडीतले आठ जण रात्री जपानच्या ताब्यातल्या सखालिन बेटाच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी रेल्वेखाली स्फोटकं पुरली. ठिणगी द्यायला माणूस मागे ठेवायचा नाही, मग गाडी नेमकी वर आली की स्फोट व्हावा कसा? युक्ती काढली बोटीवरच्या एका इलेक्ट्रिशियननं. लहानपणी रुळांखाली अक्रोड ठेवून फोडायचे, हे त्याला आठवलं: गाडीच्या वजनानं रूळ किंचित दबतो. तेवढ्या दबण्यानं बंद होईल असं बटण रुळाखाली बसवलं, आणि गाडीनं स्वतःलाच उडवलं. गाडीतल्या माणसांचं काय, हा प्रश्न फ्लकीला फारसा पडत नाही. तुम्हाला पडेल. बाबांना पडतो का ते बघा.

टॉर्पेडोंची, म्हणजे पाणबुडीतून सोडायच्या, पाण्याखालून जाणाऱ्या अस्त्रांची हकीकतही अशीच कारखान्यातली आहे, आणि ती एडवर्ड बीच या अमेरिकन पाणबुडी-अधिकाऱ्याच्या 'सबमरीन!' मध्ये वाचावी. अमेरिकेचा मार्क 14 टॉर्पेडो युद्धाच्या सुरुवातीला धड चालत नव्हता. नेमलेल्या खोलीपेक्षा सुमारे 10 फूट खालून जायचा, म्हणजे जहाजाच्या पोटाखालून निघून जायचा. कमांडर तक्रार करत, आणि खात्यातले साहेब म्हणत, तुम्हालाच नेम धरता येत नाही. शेवटी ऑस्ट्रेलियात मासेमारीचं जाळं पाण्यात टांगून त्यातून टॉर्पेडो सोडले आणि भोकं कुठे पडली ते मोजलं. खोली दुरुस्त झाली, तर वेगळाच दोष निघाला. जुलै 1943 मध्ये 'तिनोसा' या पाणबुडीनं थांबलेल्या जहाजावर नीट काटकोनात एकामागून एक मारा केला, आणि टॉर्पेडो नुसते आपटून बुडाले. हवाई बेटांवर क्रेननं उचलून ते पोलादी पाट्यावर टाकून पाहिले तेव्हा कळलं: तिरका बसला तर फुटतो, सरळ बसला तर आतली पिन वाकते आणि अडकते. नेम जितका अचूक, तितकी निराशा पक्की. ज्यानं गोदीत 'ड्रॉइंग बरोबर आहे, तुझंच काम चुकलं' हे ऐकलं असेल, त्या माणसाला ही पानं तोंडपाठ होतील.

दोन पुस्तकं झाली की थोडं थांबा. पुढे हवंच असेल, तर गेओर्ग फॉन ट्रॅप. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधला शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभं करणारा बाप खराखुरा होता आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा पाणबुडी-कमांडर होता. त्यानं 1935 मध्ये आठवणी लिहिल्या, 2007 मध्ये नातीनं इंग्रजीत आणल्या. त्याची यू-5 पेट्रोलवर चालायची, आत वाफेनं माणसं झिंगायची. युद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रियाला समुद्रच उरला नाही, म्हणजे याचं नौदलही गेलं. पुढे हिटलरच्या नौदलानं बोलावलं, तर हा गेला नाही. दादांना हे ऐकवा. आणि अध्यात्मच हवं म्हणाले, तर त्यांना मोचित्सुरा हाशिमोतोचं नाव सांगा. या जपानी कमांडरनं जुलै 1945 मध्ये 'इंडियानापोलिस' ही अमेरिकन युद्धनौका बुडवली, 'संक' हे पुस्तक लिहिलं, आणि पुढे शिंतो मंदिरात पुजारी झाला. शत्रूच्या ज्या कप्तानावर जहाज गमावल्याचा खटला झाला, त्याचं नाव स्वच्छ करा, असं पत्र त्यानं नव्वदीच्या उंबरठ्यावर, 1999 मध्ये अमेरिकेच्या सिनेटला पाठवलं. पुस्तक मात्र कोरडं आहे, खोटं कशाला सांगू.

एक लक्षात असू द्या. ही सगळी पुस्तकं जिवंत परतलेल्यांनी लिहिलेली आहेत. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास परत आले नाहीत. अमेरिकेच्या 52 पाणबुड्या गेल्या. त्यांच्या हकिकती कुणी लिहिलेल्या नाहीत. शिवाय कमांडर लिहितो तेव्हा इंजिनरूममधला फिटर पानावर क्वचितच येतो. बाबांना हे माझ्याआधी दिसेल.

व्यवहाराचं बोलू. यातलं काही मराठीत मिळेल या आशेवर थांबू नका. जुनी पेपरबॅक घेतलीत तर अक्षरं मुंगीएवढी असतात. टॅबलेटवर अक्षरं मोठी करून मिळत असतील तर तसं द्या, किंवा प्रकरण छापून पाठवा. तुम्हीही तेच पुस्तक घ्या आणि आठवड्याला एक प्रकरण वाचा. रविवारी फोनवर 'वाचलंत का?' असं विचारू नका, ती परीक्षा होते. तुम्हाला न कळलेलं विचारा: "बाबा, ही ट्रिम टँक म्हणजे काय?" तुम्हाला खरंच कळलेलं नसेल, नाटक करावं लागणार नाही.

थंडीत जमलं तर त्यांना विशाखापट्टणमला घेऊन जा. 'कुरसुरा' ही 1969 ची रशियन बनावटीची पाणबुडी तिथे समुद्रकिनाऱ्यावर आणून ठेवली आहे, 2002 पासून लोकांना आत जाता येतं. मी गेले होते, दहा मिनिटांत बाहेर पळाले. वाकून जावं लागतं, गुडघ्यांचं बघा. बाबा बहुधा पाइपांपेक्षा भिंतीकडे बघत उभे राहतील, दुसऱ्याचं वेल्डिंग तपासत. मागची रांग खोळंबली तर खोळंबू दे.

कोरी वही पाठवून 'तुमच्या आठवणी लिहा' असं मात्र म्हणू नका, तो गृहपाठ वाटतो. पार्सलमध्ये पेन्सिल टाका. पोलादावर खडूनं खुणा करत ज्याची सारी नोकरी सरली, तो समास रिकामा ठेवणार नाही. आणि यंगचं पुस्तक जुन्या बाजारातून घेतलंत, तर पाठवण्याआधी पानं सुटी झालेली नाहीत ना, तेवढं बघून घ्या.